विंग लाउ मरताना काय म्हणाला

अंधारातून आलेला तो आवाज व्हर्नाच्या कानात अजून होता. आईच्या मांडीवर बसून तिने तो ऐकला, तेव्हा पडद्यावर तिचा बाप मरत होता. पोटात गोळी, चिकटवलेल्या लांब मिशा, आणि वर बघत बोललेलं एक लांबलचक काहीतरी. चेहरा खुनशी, सूर मात्र अंगाईचा.

तिचा बाप विंग लाउ लॉस एंजेलिसच्या चायनाटाउनमधला. स्टुडिओवाल्यांना चिनी माणूस लागायचा तो मारायलाच. कधी अफूवाला, कधी समुद्री चाचा, युद्धाच्या वर्षांत जपानी अधिकारीसुद्धा. नायक चिनी असला की डोळ्यांना चिकटपट्ट्या ओढून गोरा नटच उभा राहायचा. विंगचं नाव पडद्यावर कधी झळकलं नाही.

तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. विद्यापीठात तो सिनेमा पुन्हा दाखवणार होते, आणि त्या दृश्याखाली लिहिणार होते, ‘चिनी भाषेत शाप देतो.’ व्हर्नाने भांडून उद्यापर्यंतची मुदत मिळवली. तिला शहरातलं कँटनीज कळायचं, बापाची तोइसानकडची खेड्यातली बोली नाही. आईला कळायची. म्हणून तिने तेवढा आवाज टेपवर उतरवून आणला.

आई मुगाच्या मोडांची शेपटं खुडत बसली होती.

“काय म्हणतात गं बाबा?”

“शिव्या.”

“एवढ्या गोड?”

“तुझा बाप शिव्याही गोडच द्यायचा. हात चालव.”

“उद्या सगळ्यांसमोर शाप म्हणून दाखवतील, आई.”

“दाखवू देत. घरात झुरळ मारायला मला हाका मारायचा, अन् पडद्यावर गलबतं बुडवायचा. ते खपलं, हेही खपेल.”

व्हर्नाने टेप पुन्हा लावली. या वेळी आईची बोटं थांबली. तिने उठून खिडकी लावून घेतली.

“थिएटरात सगळी आपली माणसं होती. सगळ्यांना कळलं. एकानेही मान वळवून आमच्याकडे पाहिलं नाही. कुणी सरकारला सांगितलं नाही.”

“सरकारला? काय?”

“सिनेमात मरायचं असलं की आपली माणसं पुटपुटत आपलं खरं नाव घ्यायची. मग ते मरण अंगाला चिकटत नाही. सिनेमा काढणारा साहेब म्हणाला, चिनीत काहीही बोल. यानं तेच मोठ्यानं बोलून टाकलं, वेड्यानं.”

“खरं नाव म्हणजे?”

“लाउ हे विकत घेतलेलं. चिन्यांना या देशात बंदी होती; इथल्याच कुणा चिन्याचा मुलगा म्हणून खोटे कागद घेऊनच बोटीतून उतरता यायचं तेव्हा. उघडकीला आलं असतं तर परत धाडलं असतं त्याला.”

“आता कुणाला धाडणार, आई?”

आईने बंद खिडकीकडे एकदा पाहिलं. मग त्याच अंगाईच्या सुरात, अडखळत म्हणाली, “‘मी लुंगहाउ गावचा, मोयांचा गिम-हाँग. मी मेलेलो नाही. घरी माझी लेक जागी असेल, मला जाऊ द्या.’ असं म्हणतो तो. लिही, बाई. मोय लिही. तूही मोयच आहेस.”