न मोजलेली शाळा

यातलं निम्मं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे.

केदारखेड्याच्या अलीकडे आमची धनगरांची वस्ती. त्या वस्तीत त्रिंबक बी.ए. होऊन परत आला तेव्हा लोक त्याला बघायला आले. कुणी त्याचा हात हातात घेऊन उलटासुलटा केला. कुणी विचारलं, "बी.ए. झाल्यावर पोटात काही येगळं वाटतंय का?" शेजारच्या सोनूबाईनं त्याला जेवायला बोलावलं, आणि तो भाकरी कशी खातो हे बघायला अख्खी आळी तिच्या दारात बसली. आपल्यासारखीच मोडून खातो म्हटल्यावर निम्मे लोक खट्टू होऊन घरी गेले.

तो हैदराबादला गेला तेव्हा निजामाचं राज्य होतं. शिक्षण उर्दूत सुरू झालं. मधेच पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, मग पुढचं शिक्षण इंग्रजीत झालं. आता त्याला शिकवायचं होतं मराठीत. एवढ्या भाषा शिरल्यानं त्याचं डोकं फुगलं आणि बापाचं पागोटं त्याला बसेना, असं त्याची आई कडूबाई सांगायची. ते पागोटं मी पाहिलं होतं. उंदरांनी कुरतडून निम्मं केलेलं होतं. पण ते असू द्या.

भोकरदनच्या तहसिलीत त्याच्यासाठी कारकुनाची खुर्ची तयार होती. हा म्हणाला, मला वस्तीतच मास्तर व्हायचंय. जुगलकिशोर शेठचं गावात दुकान होतं, त्यांना हे कोडं काही सुटेना.

"अरे भाई," शेठ म्हणाले, "परत इथंच येऊन बसायचं होतं, तर इतक्या दूर गेला कशाला?"

"तिकडं गेल्तो म्हणून तर कळलं, शेठजी, का इथं काय न्हाई ते."

शेठनी दाढी खाजवली आणि सरकीचं रिकामं कोठार शाळेला दिलं. शिक्षण खात्याचं म्हणणं असं पडलं की, सध्या चालवा. वर्षभरात तपासनीस येतील. पोरं शाळेत बसलेली दिसली आणि त्यांना अक्षर न् आकडा आला, तर शाळा मंजूर, मास्तर कायम. नाही तर शाळा बंद आणि त्रिंबक तहसिलीत.

दिवाळीपर्यंत आम्ही पोरं कोठारात बसलो, शिंकलो आणि शिकलो. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडायची, पोरंही त्यांच्यामागं जायची. कोठारात राहिली एक मांजर. ती हुशार होती, पण खातं मांजर हजेरीत धरत नव्हतं.

त्रिंबकनं मग फळा तट्टावर लादला आणि आमच्यामागं चालू लागला. तेव्हा शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. रात्रभर कळप बसला की रानाला खत मिळायचं. जिथं मेंढरं बसतील तिथं शाळा बसायची. शाळा बसलेल्या रानात पुढच्या साली ज्वारी आपोआप ओळीत उगवते, अशी बोलवा उठली. शेवटी शेवटी शेतकरी येऊन म्हणायचे, मेंढरं नंतर पाठवा, आधी शाळा बसवा.

अशात तपासनीस साहेब सायकलवर आले. कोठार उघडून बघतात तर मांजर.

"शाळा कुठं आहे?"

"माझ्या मळ्यात बसलीये," शेठ म्हणाले.

"शाळा मळ्यात बसते?"

"मेंढरं तिथं बसलीत साहेब. मंग शाळा बी तिथंच बसणार ना."

साहेब मळ्यात पोचले तेव्हा त्यांच्या कोटावर गोखरूच्या काट्यांची नक्षी झाली होती. माणूस पन्नाशीचा, बारीक डोळ्यांचा. ओठ मिटून बोलायचे. चिंचेखाली आम्ही पाट्या घेऊन बसलेलो पाहून त्यांचा राग जरा उतरला. धडा वाचायला लावला, आम्ही वाचला. मग कळपाकडं बोट करून त्यांनी आमच्यातल्या सांडूला विचारलं, "मोज बघू. मेंढरं किती?"

सांडूनं खाली बघितलं.

आता हे समजून घ्या. आमच्यात जित्राब मोजत नाहीत. मेंढरू असो, लेकरू असो, तोंडानं आकडा काढला की नजर लागते आणि घटतं, असं आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालो होतो. कोण कमी आहे ते तोंड बघून कळतं, मग आकडा हवा कशाला?

"बरं, तू सांग. शाळेत मुलं किती?"

मीही खाली बघितलं. खाली एक मुंगळा होता, तो सुद्धा एकटाच होता म्हणून बरं.

साहेबांनी स्वतःच मेंढरं मोजायला घेतली. "एक, दोन, तीन..." कडूबाई पलीकडं उभी होती. तिनं जिभेनं हळूच टक् केलं. अख्खा कळप उठला आणि आपल्याच भोवती फिरून परत बसला. साहेबांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा टक्.

"मास्तर," साहेब म्हणाले, "तुमच्या पोरांना आकडा येत नाही. तुम्ही तर बी.ए. आहात. तुम्ही मोजून दाखवा."

त्रिंबकनं तोंड उघडलं. समोर आई होती. तिनं नुसता पदर डोक्यावर पुढं ओढला. सगळ्या भाषा डोक्यात असलेल्या त्या माणसाच्या तोंडून एकाही भाषेतला आकडा निघेना. त्यानं तोंड मिटलं. साहेबांनी सायकलीकडं पाहिलं, आणि आम्हाला कळलं, मास्तर चालला तहसिलीत.

पण साहेब सायकलीपाशी जाऊन थांबले. वळून म्हणाले, "मला एक सांगा. तुम्हाला येतं, हे मला दिसतंय. मग मोजत का नाही?"

एवढ्या साहेबांत हे विचारणारा हा पहिलाच.

"साहेब, जित्राब मोजत न्हाईत आमच्यात," त्रिंबक म्हणाला. "ज्याच्यात जीव न्हाई ते काय बी मोजायला सांगा. बिलकुल ना म्हणणार न्हाईत."

साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. आम्ही मात्र थेट त्यांच्याकडंच बघितलं. सांडूनं त्यांच्या कोटाची बटणं मोजली आणि एक तुटलेलं आहे हेही सांगितलं. मी सायकलच्या चाकाच्या तारा मोजल्या. तेवढ्यात गोजर नावाची चिमुरडी पुढं सरकली.

"साहेब, दात मोजू का?"

"दात जित्ते असतेत, गोजरे," सांडू म्हणाला.

"साहेबाचे पुढचे न्हाईत. धडा इचारताना हालत व्हते."

त्रिंबकचा चेहरा पिठासारखा झाला. साहेबांनी गोजरकडं पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला, पाठ वळवली, आणि चार दातांची कवळी पुसून तिच्या पाटीवर ठेवली.

"लाभ, दोन, तीन, चार," गोजर म्हणाली.

"एक कुथं गेला?" साहेब म्हणाले. कवळी पाटीवर होती.

"खळ्यावर धान मोजताना पहिल्या मापाला लाभच म्हणतेत, साहेब," त्रिंबक म्हणाला. त्याला आता जरा धीर आला होता. "गोजर, मानसाला बत्तीस दात. त्यातले चार हे. मंग तोंडात किती उरले?"

"उरलेले जित्ते हायेत," सांडू पुन्हा म्हणाला. पोरगा तत्त्वाचा पक्का.

गोजर क्षणभर अडली. मग तिनं कवळी बाजूला सरकवली, पाटीवर आकडा लिहिला आणि ओठ घट्ट मिटून पाटी साहेबांसमोर धरली. साहेबांनी जीभ आतून सगळीकडं फिरवून पडताळा घेतला.

"एक दाध काधलेली आहे," ते म्हणाले.

गोजरनं थुंकी लावून पुसलं, पुन्हा लिहिलं. साहेबांनी पुन्हा जीभ फिरवली आणि मान डोलावली.

त्रिंबक त्या पाटीकडं बघत राहिला. मग आईकडं वळून हळू म्हणाला, "आये, लिहिलं तर चालंल का?"

कडूबाई जवळ आली. तिनं पाटीवर कान टेकवला, हो, अगदी दारावर टेकवतात तसा, आणि ऐकलं.

"काय ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "मंग लिव्ह."

त्रिंबकनं एकेकाच्या तोंडाकडं बघत पाटीवर शाळेतल्या पोरांचा आकडा लिहिला, साहेबांना दाखवला आणि पुसून टाकला. साहेबांनी कवळी बसवली, सायकलवर चढले आणि जाताना कडूबाईला म्हणाले, "बाई, आता मेंढरांना टक् करू नका. मी चाललो."

उन्हाळा लागायच्या आत मंजुरी आली. शेठनी दुकानासमोर सगळ्यांना बसवून कागद मोठ्यानं वाचायला घेतला. "श्री. त्रिंबक मास्तर यांस कायम करण्यात येत असून, शाळेतील मुलांची संख्या..."

"थांबा, शेठजी," कडूबाई म्हणाली.

तिनं डोळ्याचं काजळ बोटावर घेतलं आणि तान्ह्या लेकराला लावतात तशी तीट नेमकी त्या आकड्यावर लावली. शेठनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "...संख्या बराबर आहे."

त्रिंबक मास्तर पुढं म्हातारा होईपर्यंत आमच्याच वस्तीत शिकवत राहिला. हजेरी रोज नावानं घ्यायचा, गोळाबेरीज पाटीवर लिहून पुसायचा. तो मंजुरीचा कागद मी मोठेपणी एकदा उन्हाला धरून पाहिला. काजळाखालचा आकडा अजून स्पष्ट दिसतो.

सांगणार नाही. त्यात मी पण आहे.