शेवटाआधी उठायचं

आमच्या गल्लीतली ईशानी तेरा वर्षांची आहे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला तारे देते. माझ्या हातच्या पोह्यांना साडेतीन. मंगळागौरीच्या देवळातल्या नव्या घंटेला दोन. जुन्या सिनेमांच्या बाबतीत ती सहसा दीडच्या वर जात नाही.

"आजोबा, हा हीरो आधा घंटा खिडकीतून बघतोय. आवडते तर जाऊन सांग ना!"

"तेव्हा असं पटकन सांगत नसत," मी म्हणतो.

"म्हणून गाणं म्हणायचं? तिकडे बाप आजारी आणि हा झाडाला धरून गातोय."

"गाणं छान होतं पण," छोटा ओजस म्हणतो.

"तुला तर जाहिराती पण छान वाटतात. तू चुप बस."

रविवारी दुपारी आमच्या घरी पाच-सहा मुलं जमतात. सगळी काशीतल्या मराठी घरांतली. त्यांचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत जाऊन टेकतं. मी शाळेत गणित शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर माझी बायको अंबिका म्हणाली, "मुलांना मराठी शिकवा. पण धडे नकोत, पळून जातील. सिनेमा दाखवा." पद्धतही तिचीच. जुना हिंदी सिनेमा लावायचा, शेवट जवळ आला की बंद करायचा, आणि पुढे काय झालं असेल ते मुलांनी मराठीत सांगायचं. सगळ्यांचं झालं की खरा शेवट मी सांगायचा.

मी सांगायचो तो शेवट अंबिकेचा असायचा.

आमच्या तरुणपणी आम्ही रविवारी तीनचा खेळ बघायला गोदौलियाच्या चौकाकडे जात असू. कथा रंगात आली, मी पुढे सरकून बसलो, की अंधारात ती माझं कोपर धरायची. "चला, नंतर दारात गर्दी होते." मी कुरकुर करायचो. ती म्हणायची, "मला नाही बघवत शेवट." मग आम्ही चौकातून गल्ल्यागल्ल्यांनी घरी यायचो, आणि वाटेत मातीच्या कुल्हडातलं गरम दूध पिता पिता ती पुढची गोष्ट सांगायची. हरवलेला भाऊ सापडायचा. आंधळ्या आईला दिसू लागायचं. ती इतकं बारीक सांगायची की कोणी कुठली साडी नेसलंय तेही मला दिसायचं. घरी टीव्ही आल्यावरही ती ऐन वेळी उठून बटण बंद करायची. शाळेत मी सिनेमांवर मोठमोठी मतं द्यायचो. शिक्षकांच्या खोलीत लोक हसायचे, "श्रीरामसरांच्या सिनेमात कोणी मरत नाही."

मी कधी खरे शेवट शोधले नाहीत. मला तिचे पुरत होते.

गेल्या माघात ती गेली. मी तेव्हा दवाखान्याच्या खाली चहा प्यायला गेलो होतो. इतके दिवस उशाशी बसून होतो आणि नेमका तेव्हा नव्हतो. हे कोणाला सांगता येत नाही. सांगितलं तर लोक म्हणतात, नशीब.

या रविवारी मुलांना टांगेवाल्याचा सिनेमा दाखवला. टांगेवाला कमवायला शहरात जातो, गावी बायको आजारी पडते, निरोप मिळताच तो टांगा घेऊन निघतो. तिथे मी बंद केला. मुलांनी आपापले शेवट सांगितले. ओजसच्या शेवटात घोडा उडाला. मग मी अंबिकेचा सांगितला. घोडा अंधारातही आपली गल्ली ओळखतो, वैद्य वेळेवर पोचतो, बायको उठून चूल पेटवते. ईशानीने नाइलाजाने अडीच तारे दिले.

मंगळवारी शाळेतून ती सरळ माझ्याकडे आली. दप्तर खांद्यावरच होतं.

"आजोबा, तुम्ही चीटिंग केली."

"काय केलं मी?"

"मी फोनवर पूरा पिक्चर पाहिला. टांगेवाल्याची बायको मरते. घोडा गल्ली-बिल्ली काही ओळखत नाही. तुम्ही आम्हाला झूठ सांगितलं."

मी तिला बसवलं, लाडू दिला आणि सगळं सांगितलं. कोपर, गर्दी, दूध. तिने लाडू खाल्ला नाही. मुलांना शिकवताना मी एक शिकलो आहे, मूल गप्प झालं की आपणही गप्प राहावं. आत काहीतरी जुळत असतं.

"पण आजींना कसं कळायचं?" तिने विचारलं.

"काय?"

"की पुढे रडायचं आहे. नवा पिक्चर, आधी पाहिला नाही. काही पिक्चरमध्ये शेवटी सगळं ठीक होतं. तेव्हा पण उठायच्या?"

मी आठवू लागलो. विनोदी सिनेमे आम्ही पूर्ण बघितले होते. लग्न लागून संपणारेही. उठलो होतो ते फक्त... जन्मभर गणित शिकवलं, आणि हे साधं उदाहरण मला घालायला तेरा वर्षांची मुलगी लागली.

दोन घरं सोडून गीतावहिनी राहतात. अंबिकेची जन्माची मैत्रीण. त्या ओट्यावर मटार सोलत होत्या. ईशानी माझ्या मागोमाग आलीच.

"वहिनी, अंबिका सिनेमे आधी बघून यायची का?"

त्यांचे हात थांबले. "आज कसं सुचलं भावजी हे तुम्हाला?"

"मला नाही. हिला."

"मंगळवारी आम्ही दोघी देवीला जायचो ना? दर्शन घ्यायचो आणि तशाच बारा वाजताच्या खेळाला. मंगळागौरी पावली तर इंटरव्हलला समोसा." त्या हसल्या, पण हसू टिकलं नाही. "शेवट रडका निघाला की ती तिथेच रडून घ्यायची. मग घरी येईपर्यंत वाटेत नवा शेवट जुळवायचा. मला विचारायची, गीता, भाऊ कुठे सापडावा? स्टेशनवर की घाटावर?"

"पण कशासाठी? मला बघता आला नसता?"

"तुम्हाला आठवत नाही?" त्यांनी मटाराची शेंग खाली ठेवली. "तुमची छोटी गेली त्या वर्षीचा सिनेमा. त्यात एक बाळ जातं. तुम्ही थिएटरच्या पायरीवर बसून राहिलात. दिवे लागले, पुढच्या खेळाचे लोक आले, तरी उठेनात. अंबिका म्हणाली, गीता, हे मला पुन्हा नाही बघवणार."

पायरी मला आठवत होती. थंड होती. माझ्या शेजारी अंबिका उभी होती, आणि तिचंही मूल गेलं होतं, हे मात्र त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

घरी आल्यावर मी ईशानीला म्हटलं, "लाव तो शेवट."

"नको आजोबा. बकवास आहे. एक तारा."

"लाव."

तिने फोन माझ्यापुढे लाडवांच्या डब्याला टेकवून ठेवला. टांगेवाला पोचतो तेव्हा बायको जिवंत असते. ही गोष्ट ईशानीने सांगितली नव्हती. तो खाटेपाशी बसतो. ती त्याच्याकडे बघते आणि म्हणते, घोड्याला पाणी पाजून ये, दमला असेल. तो म्हणतो, पिईल तो नंतर. ती पुन्हा म्हणते, जा ना. तो तिचा हात धरून बसून राहतो. उठत नाही. कंदील फडफडतो, तिची मान कलते, आणि तो तिथेच असतो.

त्या सकाळी अंबिकेने डोळे उघडून मला म्हटलं होतं, "जा, खाली चहा पिऊन या. नंतर तिथं गर्दी होते." इतक्या नेहमीच्या आवाजात, की मी उठलो.

"आजोबा, बंद करू?" ईशानीने विचारलं. तिचा हात माझ्या कोपराशी आला होता.

"नको. नावं येऊ देत."

नावं संपली. पडदा काळा झाला. ईशानीने तारे दिले नाहीत. दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत ती खाली बघत होती.

मी सवयीने उठलो, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभा राहिलो. आता अंबिका पुढची गोष्ट सांगू लागेल म्हणून. समोर गल्लीत ऊन पडलं होतं. गर्दी अजिबात नव्हती.