पायलीचा तळ

भागीरथाबाईने चुलीवरचे उकळते पाणी धान मापायच्या पितळी पायलीत ओतले, वर चिंचेचा कोळ टाकला आणि पायली अंगणातल्या उन्हात सरकवली. दुपारी नागपूरहून संग्रहालयाचे साहेब येणार होते. तोवर काठावरची जुन्या राजवटीची खूण, हत्तीवर चढलेला सिंह, उजळायला हवी होती.

पडवीत तिचा नवरा देवाजी आणि चुलतदीर नानाजी यांचा वाद अजून संपला नव्हता. बाजारात किलोची मापे आली होती. पायलीचे काम संपले होते. ती विकायची हे दोघांना मान्य होते. कोणाला, हे नव्हते.

"ब्रह्मपुरीचा कासार वजनावर नेते अन् वितळवते. त्याले देनं मूर्खपणा हाये," नानाजी म्हणाला. "पण नागपूरचा व्यापारी साहेबाच्या तिप्पट देऊन राह्यला. साहेब काय देते? कागूद!"

"चिठ्ठी. काचेच्या कपाटात, पायलीच्या खाली. तिच्यावर घराचं नाव राहीन."

"नाव चाटून पोट भरते का बाप्पा?"

देवाजी हसला नाही. गावात त्यांच्या घराला मापाचे घर म्हणत. खळ्यावर भांडण झाले की लोक ही पायली मागायला येत आणि तिचा निवाडा मानत. गावातली सगळी मापे तिच्याशी ताडून पाहिली जात. तिला ताडायला दुसरे माप नव्हते. देवाजीला मूलबाळ नव्हते. मापाचे घर त्याच्याबरोबर संपणार होते. चिठ्ठी तेवढी राहिली असती.

"अजी, इकडं या जरा," भागीरथाबाईने हाक मारली.

तिने पाणी ओतून दिले होते. तिच्या हातात लाखेची एक वाटोळी चकती होती, दोन बोटे जाड, तांबूस काळी. गरम पाण्याने लाख मऊ होऊन तळापासून सुटली होती. काळवंडलेल्या पितळेत ती आजवर कोणाला वेगळी दिसली नव्हती. तिच्यात धानाची जुनी फोलपटे रुतलेली होती. खाली पायलीचा खरा तळ पिवळाधमक चमकत होता.

नानाजीने पायलीत हात घालून खोली पाहिली.

"आज्यानं भरली असन," नानाजी म्हणाला.

"का त्याच्याही आज्यानं," देवाजी म्हणाला.

"आता ऐक माह्यं. साहेब यायच्या आत कासाराकडं धाड. वितळली का झालं. कोणाले काई समजत नाई."

"आत्ताच तू त्याले मूर्खपणा म्हणे."

"आता थो शहाणपणा हाये."

देवाजीने चकती पडवीच्या पायरीवर ठेवली. तेवढ्यात फाटकातून जंगू आणि त्याची बायको बुधरी आत आले. बुधरीच्या डोक्यावर मोहफुलांचा टोपला होता. जंगलातल्या टोल्यावरून, चार घरांच्या वस्तीवरून, ते दरसाल येत. टोपलाभर मोह द्यायचा आणि त्याच टोपल्यात पाच पायल्या धान न्यायचे, हा रिवाज जंगूच्या आज्यापासूनचा.

मोह ओतून झाला. नानाजीने पायलीऐवजी मापायला कोपऱ्यातला टिनाचा डबा पायाने पुढे सरकवला. देवाजीने त्याकडे पाहिले नाही. त्याने पायली धोतराच्या सोग्याने आतून पुसली आणि धानाच्या ढिगात घातली.

"लाभ," तो म्हणाला. पहिल्या पायलीला कोणी एक म्हणत नसे.

"दोन. तीन."

चौथ्या पायलीला धान टोपल्याच्या काठाला आले. बुधरीने ते दोन्ही हातांनी दाबले. देवाजीने पाचवी ओतली. धान घसरून अंगणात सांडू लागले, तसा तिने पदर पसरला.

जंगूने टोपल्याकडे पाहिले, मग देवाजीकडे.

"टोपला थोच हाये, भाऊ."

"हाये."

"दरसाल उणा राहे," बुधरी हसत म्हणाली. "मले वाटे, माह्याच टोपल्याचं पोट मोठं!"

 जंगूची नजर पायरीवरच्या चकतीवर गेली. त्याने ती उचलली, अंगठ्याच्या नखाने दाबून पाहिली आणि होती तशी परत ठेवली. मग दोघांनी मिळून टोपला उचलला.

जीप आली तेव्हा सांडलेले धान कोंबड्या टिपत होत्या. साहेबांनी खिशातून पेन काढले आणि गुडघ्यावर चिठ्ठी धरली. पितळी पायली, हत्तीवर सिंह, ब्रह्मपुरीकडची, असे त्यांनी भराभर लिहिले. देवाजीने चकती उचलून पायलीत ठेवली.

"हे काय?"

"तळ. याच्यासकट ठेवा."

साहेबांनी चकती बोटाने हलवली, बाहेर काढली, पुन्हा आत घातली. पायलीची खोली दोनदा पाहिली.

"म्हणजे हे माप..." ते थांबले. मग सभ्यपणे म्हणाले, "हरकत नाही. चिठ्ठीवर घराचं नाव घालणार नाही, म्हणजे झालं."

खांबाला टेकलेल्या नानाजीने सुस्कारा सोडला. भागीरथाबाई मूठभर धान घेऊन दारात उभी होती. रिकामी पायली त्या घरातून कधी बाहेर गेली नव्हती.

"घाला," देवाजी म्हणाला. "त्याच्याचसाठी तर तुमाले देऊन राह्यलो."