माझी ढवळाढवळ

मित्रांनो, माझा माथा उडवला. पण ते जाऊ द्या. असं काही घडलंच नाही, असं धरून चालू.

मी एक जुना उंचवटा आहे. समुद्राच्या तळाशी बसलेला. मला घडवलं वाळूने, शिंपल्यांच्या चुऱ्याने आणि बेसुमार वेळाने. भरतीचं पाणी माझ्यावर आदळतं, वर चढतं आणि तळाचं गार, सकस पाणी उन्हापर्यंत नेतं. त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती पोसतात, त्यांच्यावर इवले जीव, त्यांच्यावर मासे. थोडं पाणी माझ्या माथ्याभोवती फेर धरतं. त्यात माशांची अंडी-पिल्लं सुखाने राहतात. पाळणाघरच म्हणा, फक्त रडारड नाही.

माझ्यावर एक बोट यायची. धाकटा भाऊ जाळं टाकायचा, ताई पाण्याचा गारवा मोजायची.

"तुझ्यापेक्षा हा उंचवटा बरा," ती त्याला म्हणायची. "बसल्या जागी काम तरी करतो!"

मग मोठ्या जहाजांसाठी वाट काढायची म्हणून एक साहेब पाहणीला आले. येताच बोटीच्या काठावर ओणवे झाले आणि सकाळचा नाश्ता मला देऊन टाकला. तशातच त्यांनी विचारलं, "हा इथे करतो काय?"

"पाणी ढवळतो, साहेब," ताई म्हणाली.

साहेबांचं पोट आधीच ढवळत होतं. ते भडकले. "ढवळाढवळ? आमच्या खात्याच्या पाण्यात? कोणाच्या परवानगीने?"

"अहो, तो ढवळतो म्हणून तर मासे आहेत!"

"म्हणजे मासेही सामील!"

भाऊ हात जोडून म्हणाला, "साहेब, हा गेला तर आम्ही खायचं काय?"

"शिस्तीत खा," साहेब म्हणाले आणि पुन्हा ओणवे झाले.

गाळ उपसणारं यंत्र आलं. माझा माथा सपाट झाला. आता पाणी माझ्यावरून सरळ निघून जातं, वाटेत ओळख न दाखवणाऱ्या नातेवाइकासारखं. अंडी वाहून गेली, मासे पांगले. आणि जहाजं? ती पलीकडूनच जातात. तिकडे पाणी मुळातच खोल होतं!

काल भावाने रिकामं जाळं ओढलं. "ताई, तुझ्या एका शब्दाने चूल विझली."

"शब्द बरोबर होता रे," ती म्हणाली. आणि रिकाम्या जाळ्याची घडी घालू लागली.

मित्रांनो, ढवळणारा कोण आणि ढवळाढवळ करणारा कोण, एवढं तरी नीट ओळखत जा.

सबब, संबंधित अधिकाऱ्यांस विनंती, की भरतीच्या पाण्याने पूर्वीच्याच जागी, उंचवटा असल्याचे गृहीत धरून, वर चढत जावे, असा लेखी आदेश समुद्रास तातडीने बजावण्यात यावा. प्रत माहितीसाठी: मासे.