पाठीवरची काळी पट्टी

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने पक्का संशयी आहे. एकाखाली एक अशी माझी दोन भिंगं. माझ्या रुंद रोलवर बाराच फोटो निघतात, म्हणून माझ्यासमोर माणसं श्वास रोखून उभी राहत. अकोटच्या इनायतुल्लांच्या स्टुडिओत मी तीस वर्षं राबलो. मग मोबाइल आले आणि मी कपाटात गेलो. इनायतुल्ला वारले, तेव्हाही मला कोणी बाहेर काढलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं.

परवा त्यांच्या पत्नी बिल्कीस यांनी मला विकायला काढलं. गावातल्या मनोजशेठना माझ्या पोटात बल्ब बसवून मला आपल्या हॉटेलात दिवा म्हणून टांगायचं होतं. ते संध्याकाळी येणार होते. त्याआधी अमरावतीहून, राजापेठेतून आकांक्षा नावाची मुलगी मला बघायला आली. हीसुद्धा मला शोभेलाच ठेवणार, असं मी धरून चाललो. तिचाही माझ्यावर भरवसा नव्हता. बॅटरी लावून तिने भिंगात बुरशी शोधली. मग पाठीवरची काळी पट्टी दिसली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"चाची, या पट्टीखाली काय लपवून राहिल्या तुमी?"

"लपवाले काय हाय त्यात? फोटोचा आकडा पाहाची लाल खिडकी हाय तिथं. आपल्या इकडचं ऊन तिच्यातून आत घुसते अन् रोल खराब करते. आमचे हे सावलीत जाऊन पट्टी उचलत, रोल फिरवत, मंग पुन्हा चिकटवत."

आकांक्षाला ते काही पटलं नाही. खटक्याचा आवाज ऐकायला तिने मला कानाशी धरलं.

"थांब बेटा," बिल्कीस म्हणाल्या. "एक सेकंदावर ठेवला का खटका अटकते. वापरच नाही न त्याले. बाकी सगळ्यावर चालते."

संपलं, आता बल्बच, असं मला वाटलं. आकांक्षाने मला कानापासून खाली घेतलं. स्वतःहून दोष सांगणारी बाई पट्टीबद्दल कशाला खोटं बोलेल? तिने पिशवीतून नवा रोल काढून माझ्यात भरला.

"घेतला मी. बसा चाची, पयला फोटो तुमचा."

"माहा? ह्यांनी साऱ्या गावाचे काढले, माहा राहूनच गेला."

बिल्कीसनी डोक्यावर पदर घेतला आणि श्वास रोखला. खटका वाजला. आकांक्षा मला घेऊन निंबाच्या सावलीत गेली, पट्टी उचलली, रोल फिरवला आणि पट्टी पुन्हा नीट चिकटवली.

मित्रांनो, जुनी वस्तू घेताना खुशाल संशय घ्या, पण घेतल्यावर तिला तिचं काम द्या. माझ्या पोटात आता बिल्कीस आहेत, आणि अकरा फोटो अजून बाकी आहेत.