काक्षी पाचशे वीस

दाजींनी अठ्ठावीस वर्षं बंदराच्या चौकीवर शिपाईगिरी केली होती. अंधारात होडी लावणारे, माशांच्या टोपलीतळी घड्याळं दडवणारे, सगळे त्यांनी बघितले होते. नोकरी सुटली, पण नजर सुटली नाही. दाजी आपल्या सावलीकडेही दोनदा वळून बघतात, असं तारकर्लीत म्हणत.

चौऱ्याऐंशी सालची संक्रांत जवळ आली होती. दाजींच्या पडवीतल्या खोलीत लीला नावाची मास्तरीण राहत होती. मूळची आंबोलीकडची, हायस्कुलात विज्ञान शिकवायची, बोलणं बेताचं. दाजींच्या बायकोला, शेवंतीला, ती पहिल्याच दिवशी आवडली. दाजींना मात्र ती कुठेतरी खुपत होती.

मग त्यांच्या ध्यानात आलं की काळोख पडला की ही बाई एकटीच समुद्राकाठच्या पुळणीवर जाते. हातात टॉर्च असते आणि काचेवर लाल कापड बांधलेलं असतं. तिसऱ्या दिवशी दाजी सुरूच्या झाडांआड जाऊन उभे राहिले. ती वाळूवर बसली होती आणि लाल उजेड मधूनच लागत होता, मधूनच विझत होता. नवल म्हणजे तिची पाठ समुद्राकडे होती, तोंड गावाकडे. दाजींनी मनाशी हिशेब केला. खूण करायची ती होडीवाल्यांना, आणि डोळा ठेवायचा तो गावावर, कोणी येतंय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर ते तिच्या खोलीत शिरले. शेवंती दारात आडवी आली आणि म्हणाली, "दुसऱ्याची ट्रंक ती. हात लावू नकात." दाजींनी ऐकलं नाही. ट्रंकेत साड्यांखाली दुर्बीण निघाली, तिच्याखाली एक वही. वहीत तारखा, वेळा आणि पुढे असली अक्षरं: काक्षी ५२०. व्याध ८.७. रोहिणी ६८. त्याखाली रोजची एकेक ओळ, "काक्षी रोहिणीपेक्षा किंचित उजळ," "आज दोन्ही सारखी."

काक्षी कोण आणि रोहिणी कोण, ते दाजींना कळलं नाही. होड्यांची नावं असावीत, असं त्यांनी धरलं. वही आणि दुर्बीण पिशवीत घालून ते एसटीने मालवणला चौकीवरच्या जुन्या साहेबांकडे गेले. साहेबांनी पानं उलटली, नंतर दोन्ही वस्तू खणात ठेवल्या आणि सांगितलं की आठ दिवस तुम्हीच लक्ष ठेवा, मग बघू.

लीला संध्याकाळी घरी आली, ट्रंक उघडली आणि बाहेर येऊन सरळ दाजींना विचारलं. दाजींनी लपवलं नाही. चौकीवर उलटतपासणी करायचे त्याच आवाजात त्यांनी तिला प्रश्न केले.

ती त्यांना अंगणात घेऊन आली. पूर्वेला माडांच्या वर ओळीत तीन तारे होते, भोवती चौकोनात चार. हे मृग नक्षत्र, ती म्हणाली. चौकोनातला तांबूस तारा तो काक्षी. त्याचं तेज कमीजास्त होतं, म्हणून ती तो रोज शेजारच्या रोहिणी ताऱ्याशी ताडून बघायची आणि महिन्याला पुण्याच्या एका मंडळाला कळवायची. टॉर्च वहीत लिहिण्यापुरती, आणि डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून तिला लाल कापड. घराभोवती माड आड येतात म्हणून पुळण, आणि मृग पूर्वेला उगवतो म्हणून पाठ समुद्राकडे.

शेवंतीला मृगाची गोष्ट माहेरापासून ठाऊक होती. प्रजापती हरणाचं रूप घेऊन आपल्याच लेकीच्या, रोहिणीच्या मागे लागला, तेव्हा व्याधाने त्याला बाण मारला. ते तीन तारे म्हणजे पोटात रुतलेला बाण.

"आणि पाचशे वीस?" दाजींनी विचारलं.

तितकी वर्षं उजेडाला इथवर यायला लागतात, लीलाने सांगितलं. व्याधाचा आज दिसणारा उजेड निघाला तेव्हा तुम्ही चौकीवर होतात. काक्षीचा निघाला तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याचा पहिला चिराही बसला नव्हता.

"दोरी लावून कोणी मोजलान?"

तिने त्यांना अंगठा समोर धरायला लावला, आधी एक डोळा मिटायला सांगितला, मग दुसरा. अंगठा माडाच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला सरकला. जितकं जवळ तितकं जास्त सरकतं, ती म्हणाली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तिच्या वाटेच्या दोन टोकांवरून तारा तसाच सरकलेला दिसतो, त्यावरून अंतर काढतात. "पण काक्षी फार लांब आसा, दाजी. पाचशे वीस हो अंदाज. चुकीचोय असात."

दाजी चपापले. खोटं बोलणारा माणूस आपलाच आकडा कच्चा आहे असं सांगत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. तरीही त्यांनी विश्वास ठेवला नाही. तेव्हा ती म्हणाली की रोज याच जागी उभे राहा. काक्षी विहिरीवरच्या माडाच्या शेंड्याला आज ज्या वेळी लागेल, त्याच्या चार मिनिटं आधी उद्या लागेल, आणि परवा आणखी चार.

त्या दिवशी सात चाळीस झाले होते. दुसऱ्या दिवशी सात छत्तीस. दाजींनी घड्याळ रेडिओच्या बातम्यांशी लावून घेतलं, उभं राहण्याच्या जागी दगड ठेवला. शेवंतीलाही बघायला लावलं, कारण आपल्या एकट्याच्या डोळ्यांचाही त्यांना भरवसा नव्हता. आठव्या दिवशी तारा सात वाजून बारा मिनिटांनी शेंड्याला लागला.

दाजी सकाळच्या पहिल्या एसटीने मालवणला गेले. साहेबांपुढे उभं राहून आपली चूक झाली असं लिहून दिलं आणि वही-दुर्बीण परत आणली.

लीलाने वही चाळली. आठ दिवसांच्या आठ ओळी राहून गेल्या होत्या. तेवढ्या दिवसांत काक्षी मंद झाला की नाही, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. नुसत्या डोळ्यांनी बघून कागदावर लिहिता आलं असतं, पण लाल टॉर्च घेऊन पुन्हा पुळणीवर जायचा तिला धीर झाला नव्हता. दाजींनी दोघातिघांना आपला संशय बोलून दाखवला होता, त्यामुळे गावात तोवर कुजबूज पोचली होती. शाळेतल्या दोन पोरींच्या आयांनी तिच्याकडची शिकवणी बंद केली होती.

दाजी घरोघर गेले. तिच्याबद्दल आपण भलतंच बोललो, असं प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं. काहींनी ऐकून घेतलं. काहींनी आता दाजींकडेच संशयाने बघितलं. या बाईने म्हाताऱ्याला काय दिलं असेल, असं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. तसली नजर आपल्यावर रोखलेली दाजींनी जन्मात प्रथमच अनुभवली.

परीक्षा संपल्यावर लीला कट्टा गावच्या शाळेत बदलून गेली. जायच्या दिवशी शेवंतीने तिला खोबऱ्याच्या वड्या बांधून दिल्या आणि रडली. दाजी थांब्यापर्यंत सामान घेऊन गेले.

"बाय, माका माफ कर," ते म्हणाले.

तिने हातातली पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, "तुमी इचारल्यात, ताऱ्यावर नजर ठेवल्यात, त्याचा माका काय नाय. पण ट्रंक उघडूच्या आधी माका इचारूक होया होता."

एसटी आली. दाजींनी सामान वर चढवून दिलं.