सुट्टी बघून येणारं भूत

सोमवारी संध्याकाळी वेल्डिंगच्या शेडसमोर पुन्हा गर्दी जमली होती. आत खुर्चीवर भूत उतरवणारे बाबा. समोर बाकावर माझा दादा, अंगावर दोन चादरी, तरी दात वाजतायत. बाबांनी तांब्या त्याच्या ओठांना लावला.

"चव सांग."

"गोड," दादा कुडकुडत म्हणाला.

गर्दी हरखली. वहिनीने त्याच तांब्यातलं पाणी चाखलं. "मला तर साधंच लागतंय."

"तुला कसं लागेल, बाई? तुला धरलंय का त्यानं?" बाबा हसले. "धरलेल्यालाच गोड. सकाळपर्यंत ताप उतरेल."

आणि सकाळपर्यंत तो उतरायचाच. खरी पंचाईत तीच होती.

'तो' म्हणजे या शेडमध्ये काम करता करता वारलेला जुना वेल्डर. रविवारची सुट्टी संपली की तो कामावर परत येतो आणि कुणाला तरी धरतो, असं बाबांचं म्हणणं. साथीचा ताप वार बघत नाही, हा बघायचा. त्यामुळे शहाणी माणसंही गप्प बसली होती.

मी रसायनशास्त्र शिकलेय. दादाला मी कितीदा तरी सांगितलं होतं, की जी.आय. पाइपवर जस्ताचा थर असतो, वेल्डिंगच्या आचेने त्याचा पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरते, तोंडाला गोडसर चव येते आणि एखाद्या दिवसात ताप आपोआप उतरतो.

"मग मंगळवारी का येत नाही? मंगळवारी काय आम्ही फुलं जोडतो?"

"रोज धूर घेऊन अंगाला सवय होते, दादा. सुट्टीत ती मोडते."

"अंगाला वार कळतो, आणि भुताला कळत नाही होय?"

समजावून समजावून मी थकले होते.

भूत आत शिरू नये म्हणून बाबांनी शटर बंद ठेवून काम करायला सांगितलं होतं. शेडचा मालक खूश, धूर ओढणाऱ्या पंख्याच्या खर्चाचा विषयच संपला. आता पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दादाला एका बंद टाकीत उतरून पाइप जोडायचे होते, बाबांच्या पाण्याच्या भरवशावर. टाकीतून धूर बाहेर जायला वाट नसते. तिथे नुसत्या तापावर भागेल, असं कुणीच सांगू शकत नव्हतं.

त्याच आठवड्यात बुधवारी दिवसभर वीज जाणार अशी सूचना आली. मालकाने रविवारी काम ठेवलं आणि सुट्टी बुधवारी दिली. त्या रविवारनंतरच्या सोमवारी कुणालाच ताप आला नाही.

"बांधला त्याला!" बाबांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

गुरुवारी संध्याकाळी दादा पुन्हा चादरीत. बाबांना बोलावणं गेलं.

"गुरुवारी कसा काय आला हो?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"बांधल्यावर चिडणारच!"

मला राहवलं नाही. "चिडला नाही, त्याने विजेची सूचना वाचली. मालकाने सुट्टी हलवली, याने हजेरी हलवली. मेल्यावरही मालकाचं इतकं ऐकणारा कामगार कुठे मिळायचा नाही."

लोक हसले. बाबा नाही हसले. "मग पाणी गोड कसं लागतं, ते सांग की!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी उठली. बाबांचा तांब्या घेऊन ती आडोशाला गेली. येताना तिच्या हातात दोन सारखे पेले होते. एकात तांब्यातलं पाणी, दुसऱ्यात नळाचं. कुठलं कुठे, तिने कुणालाच सांगितलं नाही.

"ओळखा," ती दादाला म्हणाली.

दादाने एक घोट घेतला. मग दुसऱ्यातला. पुन्हा पहिल्यातला.

"दोन्ही गोड," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे गोडी तुमच्या तोंडात आहे. घरी चला आता."

बाबा नळावरही आपली नजर पडली होती वगैरे सांगू लागले. दादाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो मालकाकडे बघत होता. "उद्या मी टाकीत उतरणार नाही. पाइप बाहेर काढा. मास्क लावून जोडाजवळचा थर घासू आणि उघड्यावर जोडू."

"अरे, वेळ जाईल!"

"जाऊ दे."

त्या दिवशी चाखण्यापुरते घोट सोडले, तर तो बाबांचं पाणी न पिता घरी आला. सकाळी ताप उतरलेला होता.

हा ताप सुट्टीनंतरच का येतो, हा प्रश्न लोकांनी बरोबर विचारला होता. पण हाताशी आलेल्या पहिल्याच उत्तरावर ते थांबले. अंगाला धुराची सवय झाली म्हणजे धूर निरुपद्रवी झाला असं नाही, अंगाने फक्त कुरकुर थांबवलेली असते. तेव्हा शटर वर करा, पंखा मागून घ्या, दम लागला तर डॉक्टर गाठा. आणि कुणी ताप उतरवून दाखवला, तर त्याच्या पाया पडण्याआधी एवढंच विचारा: ज्यांनी तुमचं पाणी घेतलं नाही, त्यांचा उतरला नाही का?